पाइपातून रक्ताचा प्रवास

मोठ्या रुग्णालयात वॉर्ड आणि प्रयोगशाळा यांच्यात पुष्कळदा चार-पाच मजल्यांचे अंतर असते. रक्ताचे नमुने लवकर पोचावेत म्हणून अशा ठिकाणी भिंतींतून व छताखालून रुंद पाइप टाकलेले असतात. रक्ताची कुपी डब्यात ठेवायची व डबा पाइपात सोडायचा. पंखा हवा ओढतो किंवा ढकलतो आणि दाबातील फरकामुळे डबा सेकंदाला काही मीटर वेगाने धावतो. युक्ती जुनी आहे. पॅरिसमध्ये १८६६ ते १९८४ पर्यंत अशा पाइपांतून टपाल जात असे. पण हादरे बसल्याने पत्रातला मजकूर बदलत नाही. रक्ताचे तसे नाही.

दोष वेगाचा नव्हे, वेग बदलण्याचा. एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, तसेच वळणावर आणि थांबताना कुपीतल्या रक्ताचे होते. कुपी अर्धवट भरलेली असेल तर ते अधिकच घुसळते. वर्गात हे सहज दाखवता येईल. साबणाच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एक काठोकाठ भरलेली व दुसरी अर्धी. दोन्ही सारख्याच हलवा आणि फेस कोणत्या बाटलीत होतो ते मुलांना पाहू द्या.

घुसळण्याने काही तांबड्या पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या रक्तद्रवाच्या वीसपटीहून जास्त असते. त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा वाढतो. मात्र हिमोग्लोबिनही बाहेर पडून द्रव लालसर होतो आणि तंत्रज्ञ सावध होतो. निरोगी माणसाच्या रक्तात, यंत्रणा नीट असेल तर, हा फरक बहुधा नगण्यच असतो.

खरा धोका आम्हांला वाटतो तो रक्ताच्या काही कर्करोगांत. एरवी घन मिलिमीटरला चार ते अकरा हजार असणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे काही लाखांवर जातात, आणि त्या नाजूक असतात. त्या फुटल्या तर पोटॅशियम बाहेर येते, पण रंग येत नाही! लिटरला साडेतीन ते पाच मिलिमोल असावे तिथे सात-आठ दिसते. एवढे पोटॅशियम खरोखरच असेल तर हृदय बंद पडू शकते, म्हणून डॉक्टर ते उतरवण्यासाठी ग्लुकोजसह इन्शुलिन देतात. रुग्णाच्या शरीरात पोटॅशियम मुळात योग्यच असेल तर या उपचाराने ते घातक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

प्राणवायू मोजायच्या सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला, तर तोही प्रवासात रक्तात घुसळतो व आकडा बिघडवतो.

डब्यात स्पंजची गादी घालणे, पंख्याचा वेग कमी करणे, कुपी पूर्ण भरणे, हे उपाय आहेतच. पण प्रत्येक इमारतीतली वळणे निराळी, म्हणून प्रत्येक रुग्णालयाने स्वतःचा पाइप तपासायला हवा. एकाच माणसाचे रक्त एकाच वेळी दोन कुप्यांत घ्यायचे, एक कुपी पाइपाने धाडायची, दुसरी माणसाच्या हाती न हलवता पाठवायची, आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे.