वॉर्डातली वही : मेंदूविकार संशोधनाची पहिली दहा वर्षं

"डोकं हलवू नका. फक्त नजर. या बोटाकडे बघा, आता त्या बोटाकडे." न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात हे शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतात. निरोगी माणसाची नजर एका बोटावरून दुसऱ्या बोटावर झटकन जाते. तोल जातो म्हणून आलेल्या काही रुग्णांची नजर मात्र रेंगाळत, चिखलातून पाय ओढल्यासारखी जाते. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया यांनी ही संथ नजर हेरली. अशा रुग्णांच्या घराण्यांचा त्यांनी माग काढला आणि १९७१ मध्ये सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांचं वर्णन 'ब्रेन' या नियतकालिकात छापलं. आज आपण ज्याला 'एससीए-२' म्हणतो, त्या आजाराचं जनुक सापडलं १९९६ मध्ये. निरीक्षण आणि उत्तर यांत पंचवीस वर्षं गेली. त्या निरीक्षणाला लागली होती दोन बोटं, एक वही आणि नातेवाइकांची चौकशी करण्याची चिकाटी.

न्यूरॉलॉजीत संशोधन करू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांशी बोलताना मी ही गोष्ट आधी सांगतो. 'कुठली फेलोशिप घेऊ', 'कुठल्या देशात जाऊ' हे त्यांचे पहिले प्रश्न असतात. ते प्रश्न खरे आहेत, पण दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. आपल्या वॉर्डातली कोणती गोष्ट पुस्तकात बसत नाही, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ज्याच्या वहीत आहे, त्याची कारकीर्द सुरू झालेली असते.

आपल्याकडची परंपरा अशीच घडली. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये न्यूरोसर्जरीचा विभाग उभा केला. १९५१ मध्ये चांडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग या चौघांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पुढे वेल्लोरलाच एक मोठं कोडं सुटलं. फिट आलेल्या रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये एकच बारीक गाठ दिसली, की ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं देण्याची रीत होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांतल्या बऱ्याचशा टेपवर्मच्या अळीमुळे झालेल्या निघाल्या. मग गाठीचा आकार आणि रुग्णाची लक्षणं पाहून, कवटी न उघडता निदान करण्याचे निकष त्यांनी ठरवले. नको असलेली औषधं आणि नको असलेली शस्त्रक्रिया त्यामुळे किती जणांची टळली असेल! 'नेहमी असंच करतात' या वाक्यावर शंका घेण्याचं हे फळ.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं तर प्रत्येक रेसिडेंटला माहीत हवीत. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी काही प्रौढ माणसांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. वाडिया आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी डोळे आणि पाय यांचा संबंध जोडला, आणि १९७२ मध्ये तो 'लॅन्सेट'मधून जगासमोर आला. दुसरं उदाहरण चांदीपुरा विषाणूचं. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो वेगळा केला. पुढे कित्येक वर्षं त्याला फारसं महत्त्व नव्हतं. २००३ मध्ये आंध्रात मेंदूज्वराने लहान मुलं दगावू लागली, ३२९ पैकी १८३ मुलं गेली, तेव्हा संशयाचा रोख याच विषाणूकडे वळला. ओळखीचा विषाणू पुन्हा ओळखता आला, कारण कुणीतरी जुनं काम नीट करून, नीट नोंदवून ठेवलं होतं.

आता रस्त्याचा हिशेब मांडू. एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. एकही प्रयत्न वाया न जाता साडेअकरा वर्षं होतात. त्यात प्रवेशपरीक्षांची तयारी आणि बंधपत्राची सेवा धरली, की माणूस बत्तिशी गाठतो. घरी आईवडील थकलेले, कर्जाचे हप्ते चालू, बरोबरीचे मित्र खासगी रुग्णालयांत स्थिरावलेले. मुलींच्या बाबतीत बाळंतपण आणि मुलांचं लहानपणही नेमकं याच वर्षांत येतं. संशोधनातून माणसं गळतात ती इथे. त्यांच्यात बुद्धी कमी नसते, वेळ कमी पडतो.

तरीही आज दारं पूर्वीपेक्षा जास्त उघडी आहेत. आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची योजना १९७९ पासून आहे. एमबीबीएसला असतानाच दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करता येतो, आणि अर्ज लिहिण्याची भीती तिथेच जाते. डॉक्टर-संशोधकांसाठी २००८ पासून 'इंडिया अलायन्स'च्या फेलोशिप आहेत. डीएमचा प्रबंध मात्र सर्वांच्याच वाट्याला येतो आणि सर्वांत जास्त वाया जातो. बरेच जण तो पदवीसाठी उरकायचा सोपस्कार मानतात. त्याऐवजी पुढची दहा वर्षं ज्याचा पाठपुरावा करता येईल असा विषय निवडावा. संख्याशास्त्रज्ञाकडे माहिती गोळा झाल्यावर जाऊन उपयोग नाही, आराखडा करतानाच जावं.

हे मी पोळलेल्या हाताने लिहितो आहे. माझ्या प्रबंधात अर्धांगवायूचे रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे होते. जवळपास तिसरा हिस्सा मला सापडलाच नाही. मास्टर चार्टमध्ये एकच फोन नंबर लिहिला होता, तोही बहुधा रुग्णासोबत आलेल्या पुतण्याचा. तेव्हापासून माझे विद्यार्थी तीन नंबर घेतात : घरचा, शेजाऱ्याचा आणि गावातल्या किराणा दुकानाचा. संशोधनाची इमारत अशा विटांवर उभी राहते.

विषय निवडताना प्रयोगशाळाच डोळ्यांसमोर आणायची गरज नाही. केरळमध्ये १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही चालते. कोणत्या औषधाने बाळाला धोका आहे आणि कोणत्या औषधावर निर्धास्त राहता येईल, हे अशा नोंदींतून कळतं. 'फिट येते, हिचं लग्न कसं होणार' म्हणून रडणाऱ्या आईला त्यामुळे ठोस उत्तर देता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्सच्या डॉ. गौरीदेवी आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या आणि खेड्यांतल्या १,०२,५५७ लोकांची दारोदार पाहणी केली आणि मेंदूविकारांचं ओझं मोजून दाखवलं. त्याच संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे, प्रयोगशाळेची ओढ असणाऱ्यांसाठी.

पहिला मोठा प्रकल्प 'फसला' म्हणून खचणाऱ्यांनी 'स्प्रिंट इंडिया' चाचणी वाचावी. अर्धांगवायू होऊन गेलेल्या ४,२९८ रुग्णांवर ३१ केंद्रांत, १२ भाषांत मिळून ती झाली. एसएमएस, छोट्या चित्रफिती आणि पुस्तिका देऊन दुसरा झटका टळतो का, हा प्रश्न होता. वर्षभरात झटके कमी झाले नाहीत. पण औषधं नियमित घेण्याचं प्रमाण सुधारलं, आणि त्याहून मोलाचं म्हणजे देशभरची केंद्रं एका शिस्तीत काम करायला शिकली. २०२३ मध्ये हे निष्कर्ष जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. नकारात्मक उत्तर प्रामाणिकपणे छापणं हेही संशोधनच आहे.

संस्थाप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्यातला एक दिवस ओपीडी आणि इमर्जन्सीतून मोकळा द्या, आणि नोंदी ठेवायला एक माणूस द्या. यंत्रांच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याचं नाव पेपरवर पहिलं राहू द्यावं.

एकदा संमतीपत्र समजावून सांगताना रुग्णाच्या बायकोने मला विचारलं, "डॉक्टर, यात आमच्या माणसाला काय मिळणार?" मी म्हणालो, "ताई, त्यांना कदाचित काहीच नाही. पुढे येणाऱ्यांना मिळेल." तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या खाटेवरच्या तरुण मुलाकडे. "द्या पेन," म्हणाली.

तिने सही केली तो कागद आजही माझ्या कपाटात आहे. प्रबंध कंटाळत लिहिणारा विद्यार्थी आला, की मी तो बाहेर काढतो, आणि त्याला विचारतो, त्याच्या वहीत आज काय लिहिलंय.