बाळंतपणातला बीपी: दोष एकट्या माहेरचा नाही

सातव्या-आठव्या महिन्यात सुनेचा बीपी वाढला, तोंड-हात सुजले, की कुंभार पिंपळगाव काय नि घनसावंगी काय, घरात बोललं जातं, "हिच्या आईलाही असंच झालं होतं." यात अर्धं खरं आहे. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झाला असेल तर धोका दोन ते तीन पट वाढतो.

उरलेलं अर्धं सासरचं. हा आजार मुळात वारेतून सुरू होतो, आणि वार तयार होते बाळाच्या जनुकांवर. त्यातली निम्मी बापाची. स्वीडनमधल्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा या आजारात आईच्या जनुकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आणि बाळाच्या जनुकांचा २० टक्के निघाला. २०१७ मध्ये बाळाच्या एफएलटी-१ या जनुकाजवळचा फरक सापडला. या जनुकापासून बनणारं प्रथिन वारेतून जास्त सुटलं, की आईच्या रक्तवाहिन्या बिघडतात. अमेरिकेतल्या युटामध्ये तर असं दिसलं, की जो पुरुष पोटात असताना त्याच्या आईला हा त्रास होता, त्याच्या बायकोला धोका साधारण दुप्पट असतो. म्हणजे सासूबाईंनी आधी स्वतःचं बाळंतपण आठवावं!

जनुकांची महागडी तपासणी करायची गरज नाही. नाव नोंदवतानाच आशाताईला दोन्ही घरांची हकीकत सांगा: कुणाला बीपी, कुणाला झटके, कुणाचं बाळ दिवसाआधी काढावं लागलं. हे लवकर कळलं तर डॉक्टर धोका पाहून बारा आठवड्यांनंतर, शक्यतो सोळाच्या आत, ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. मनानं घेऊ नका. सरकारी दवाखान्यातली कॅल्शियमची गोळी मात्र चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी असते. बीपी आणि लघवी दोन्ही तपासून घ्या.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर गेला तर बाईला काही त्रास वाटत नसला तरी दवाखाना गाठायचाच. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, झटके, यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन. बाळंत झाल्यावरही काही आठवडे हा धोका राहतो.

आपल्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी जातात, तेव्हा तपासणी तुटते. कोयत्याबरोबर गरोदरपणाचं कार्डही पिशवीत टाका. कारखान्याच्या गावातही सरकारी दवाखाना ते बघून तपासतो.