यंत्राला घाई असेल, आपल्याला नाही

मोबाइल घ्यायला दुकानात गेले की विक्रेता कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि प्रोसेसरचा वेग सांगू लागतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्यांतले क्वचितच काही उपयोगी पडते. त्याचे प्रश्न निराळे असतात. अक्षर किती मोठे करता येते? घंटी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाते का? थरथरणाऱ्या हातात फोन नीट बसतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बटण दाबायला थोडा उशीर झाला तर हे यंत्र वाट पाहते का?

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरून या नव्या जगाकडे पाहताना माझी जी बरीवाईट मते बनली आहेत, ती या शेवटच्या प्रश्नाभोवतीच फिरतात. मोबाइल उपयोगी आहे, इंटरनेटही उपयोगी आहे. परंतु त्यांच्या अंगी भिनलेली घाई उतारवयाला मानवत नाही. ती घाई आपण स्वीकारण्याचे मुळीच कारण नाही, असे मला वाटते.

शरीराची गती ओळखावी

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आतले भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ऐकण्यातही उंच पट्टीचे स्वर आधी हरवतात. म्हणून किणकिणणाऱ्या घंटीपेक्षा खालच्या पट्टीतली घंटी निवडलेली बरी. बोटांची त्वचा कोरडी पडते. मोबाइलची काच बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युतवहनावर चालते, त्यामुळे कोरड्या बोटाचा स्पर्श तिला अनेकदा कळतच नाही. नातू म्हणतो, “आजी, नीट दाब ना!” आजी अधिक जोर लावते आणि तरीही काही होत नाही. दोष तिच्या समजुतीचा नसतो. हाताला थोडे मलम चोळले किंवा बोट ओलसर रुमालावर टेकवून पुसले, तरी पुष्कळदा काम होते.

फोनची गतीही कमी करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा विभाग असतो. तेथे अक्षरे मोठी व ठळक करता येतात, बोट किती वेळ टेकवले म्हणजे ‘दाबून धरले’ असे मानायचे ते ठरवता येते आणि पडद्यावर क्षणभर येऊन जाणाऱ्या सूचना अधिक वेळ ठेवता येतात. घरातील तरुणांनी फोन भेट देताना वेष्टनातून काढून तसाच हाती न ठेवता, अर्धा तास बसून हे बदल करून द्यावेत. ज्याला टंकलेखन जमत नाही, त्याने बोलून लिहावे. गूगलने 2017 साली आवाजावरून लिहिण्याची जी सोय वाढवली, तिच्यात मराठीचा समावेश आहे. शब्द स्पष्ट आणि सावकाश उच्चारले की ती बहुतेक मजकूर बरोबर टिपते.

संदेशाला विरजणाइतका तरी वेळ द्यावा

व्हॉट्सॲपवरील ‘सुप्रभात’च्या फुलांची तरुण मंडळी चेष्टा करतात. या बाबतीत माझे मत वेगळे आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाने सकाळी पाठवलेले ते फूल ही त्याची हजेरी असते. आज उठलो आहे, बरा आहे, एवढेच त्याला सांगायचे असते. ते फूल एखाद्या दिवशी आले नाही, तर कोणीतरी दूरध्वनी करून विचारपूस करावी. काळजी घेणाऱ्यांना याहून स्वस्त आणि सोपी व्यवस्था क्वचितच सापडेल.

फुलांपाठोपाठ येणारे औषधोपचार मात्र निराळे प्रकरण आहे. ‘हृदयविकाराचा झटका आला आणि घरात कोणी नसेल, तर जोरजोरात खोकत राहा’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. घरी एकट्या असलेल्या रुग्णासाठी या उपायाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. खोकण्यात गेलेली मिनिटे उपचारांतून वजा होतात. छातीत दाब जाणवला, घाम फुटला, दुखणे डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकले, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, दाराची कडी काढून ठेवावी आणि शांत बसावे.

संदेशावर दोन बाणांची खूण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा उल्लेख दिसला, तर तो अनेक हातांतून फिरत आला आहे, एवढेच समजावे. तो खरा आहे असा त्याचा अर्थ नव्हे. अशा संदेशांचा वेग कमी व्हावा म्हणून कंपनीनेच 2018 मध्ये भारतात एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा घातली आणि 2020 मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. यंत्र बनवणाऱ्यांनाच जेथे लगाम घालावा लागला, तेथे आपण का धावावे? दूध विरजायला जितका वेळ लागतो, तितका तरी संदेशाला द्यावा. रात्री आलेला उपाय सकाळी पुन्हा वाचावा, डॉक्टरांना विचारावा आणि तोवर पुढे पाठवू नये. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणत्याही संदेशावरून परस्पर थांबवू नये.

त्या निळ्या खुणांनीही अनेक घरांत विनाकारण मने दुखावली आहेत. ‘मुलाने वाचले आणि उत्तर दिले नाही’ हे दुःख नवे आहे. पूर्वी पोस्टकार्डाच्या उत्तराला आठवडा लागला तरी कोणी रुसत नसे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये या खुणा बंद करता येतात आणि मग दुसऱ्यांच्या खुणाही आपल्याला दिसत नाहीत. मनःशांतीसाठी तो सौदा मला फायद्याचा वाटतो.

फसवणुकीचे भांडवल एकच

ज्येष्ठांची जी आर्थिक फसवणूक होते, तिच्या कथा वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचा कणा एकच असतो: ‘आत्ताच्या आत्ता’. वीज आज रात्री तोडली जाईल, खाते दुपारपर्यंत गोठवले जाईल, पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केल्याचे सांगतो आणि कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही, कोणाशी बोलू देत नाही. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 रोजी ‘मन की बात’मध्ये हेच सांगून आधी थांबण्याचा आणि विचार करण्याचा सल्ला दिला होता.

यूपीआयविषयी एक नियम पाठ करून ठेवावा. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात; पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. घाई करणाऱ्या माणसाला म्हणावे, “मुलाला विचारून उद्या सांगते.” खऱ्या अधिकाऱ्याला त्याचा राग येणार नाही आणि भामट्याला उद्यापर्यंत थांबणे परवडणार नाही.

पैसे गेलेच, तर मात्र खरोखर घाई करावी. 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती अडवली जाण्याची शक्यता असते. लाजेपोटी घरात लपवून ठेवलेले तास चोराच्या पथ्यावर पडतात. म्हणून मुलांनी आईवडिलांना आजच सांगून ठेवावे, “काही झाले तरी आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.” या एका वाक्याची राखण कोणत्याही ॲपपेक्षा भक्कम असते.

‘आण इकडे, मीच करतो’

काळजी घेणाऱ्यांसाठी शेवटचे मत थोडे परखड आहे. घरातील ज्येष्ठाचे बोट पडद्यावर अडखळले की आपण फोन हातातून काढून घेतो आणि काम क्षणात उरकतो. वेळ वाचतो, पण पुढच्या वेळी तो माणूस विचारायलाच कचरतो आणि हळूहळू आपले व्यवहार दुसऱ्यांवर सोपवून मोकळा होतो. फोन त्यांच्याच हातात असू द्यावा आणि आपले हात पाठीमागे बांधावेत. आठवड्याला एकच नवी गोष्ट शिकवावी. तिच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीत लिहायला सांगाव्यात. पिन आणि पासवर्ड मात्र त्या वहीत नसावेत.

निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला हे याचे उत्तम उदाहरण आहे. 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले, तरी झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात म्हणून अनेकांना हेलपाटे पडत. 2021 पासून चेहरा ओळखून घरबसल्या दाखला देण्याची सोय झाली. बहुतेकांसाठी त्याचा महिना नोव्हेंबर असतो, तर केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हणजे तयारीला भरपूर अवधी असतो. यंदा तो दाखला मुलाने भरून देण्याऐवजी, मुलाला शेजारी बसवून वडिलांनी स्वतः भरावा. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल. पुढच्या वर्षी मात्र ते त्या कामासाठी कोणाची वाट पाहणार नाहीत.