बोलोन्यातली पंगत

इटालियन जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिझ्झा येतो, तोही चीजने लडबडलेला आणि वर सॉसच्या पुड्या पिळलेला. प्रत्यक्ष इटलीत मात्र कशामागून काय वाढायचं, किती वेळ बसायचं आणि कुणाबरोबर बसायचं, याला पदार्थाइतकंच महत्त्व आहे. १० डिसेंबर २०२५ रोजी युनेस्कोने इटालियन स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. ती बैठक दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरली होती आणि त्याच दिवशी आपली दिवाळीही त्या यादीत गेली! हा मान एखाद्या पाककृतीला नाही; एकत्र रांधण्या-जेवण्याच्या रीतीला आहे.

उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराच्या टोपणनावांपैकी दोन अशी आहेत, ‘ला दोत्ता’ म्हणजे विदुषी आणि ‘ला ग्रास्सा’ म्हणजे गुबगुबीत. पहिलं तिथल्या विद्यापीठामुळे, ज्याची स्थापना १०८८ सालची मानतात. दुसरं तिथल्या स्वयंपाकामुळे. याच विद्यापीठात माझी भाची शिकते. तिचं आजोळ मराठी, घर कानडी लिंगायत. मागच्या वर्षी मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा एका दुपारी आम्ही दोघी एका जुन्या ‘त्रात्तोरिया’त जेवलो. ‘रिस्तोरांते’ थाटामाटाचं असतं. त्रात्तोरिया म्हणजे साधी, बहुधा एकाच कुटुंबाने चालवलेली खाणावळ.

बसल्याबरोबर पावाची टोपली आली. तिचे आणि टेबलाचे मिळून माणशी थोडे पैसे ‘कोपेर्तो’ म्हणून बिलात लागतात. दर मेनूकार्डावर छापलेला असतो. मग जेवणाचा क्रम सुरू होतो. आधी ‘आंतिपास्तो’, म्हणजे भूक चाळवण्यापुरतं काही. त्यानंतर ‘प्रीमो’, म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. मग ‘सेकोंदो’, म्हणजे मांस-मासळी, आणि सोबत वेगळ्या बशीत भाजी, ती ‘कोंतोर्नो’. शेवटी गोड, ते ‘दोल्चे’, आणि छोट्या कपातली कडक कॉफी. सगळंच मागवायला हवं अशी सक्ती नाही. आपल्या ताटात मीठ-लिंबापासून भातापर्यंत सगळं एकदम नांदतं. तिथं आधीची बशी उचलल्याशिवाय पुढची येत नाही.

आपल्यासारख्या शाकाहारी घरातल्यांनी मात्र नीट विचारूनच मागवावं. बोलोन्याच्या प्रसिद्ध ‘तोर्तेल्लीनी’त डुकराचं मांस असतं. तिथल्या ताज्या पास्त्यात अंडं असतं. सुका पास्ता साधारणपणे रवा आणि पाण्याचा, आपल्या शेवया-शावगीच्या जवळचा. अस्सल पार्मिजानो चीज विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. भाचीला अंडं चालतं, तेव्हा तिने टोमॅटोच्या सॉसमधल्या ‘ताल्यातेल्ले’, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, चीज न घालता मागवल्या. या पट्टीची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर असावी, असं १९७२ साली ठरवून तिचा सोन्याचा नमुना बोलोन्याच्या व्यापारी मंडळात ठेवला आहे! सॉसमध्ये मांसाचं पाणी तर नाही ना, हे वाढणाऱ्या वयस्क गृहस्थांनी आत जाऊन विचारून आणलं, तेही कपाळाला आठी न घालता.

पास्ता संपला आणि भाजलेल्या भाज्या यायला बराच वेळ होता. तेवढ्यात ती म्हणाली, “मावशी, अज्जी रोज फोनवर विचारते, ‘ऊटा आतेन?’ मी रोज हो म्हणते. कितीदा नुसती बिस्किटं खाल्लेली असतात. एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो गं.” चार दिवस मी तिच्या खोलीत राहत होते, पण हे बोलणं तिथं निघालं नव्हतं. तिथं जेवताना समोर लॅपटॉप असे. इथं दोन बशांमधल्या रिकाम्या वेळात बोलण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा पाच-सहा वर्षांच्या नातवाला घेऊन बसले होते. मुलासाठी वेगळं काही मागवलं नव्हतं. आजोबांचाच पास्ता, फक्त अर्धा. पोर काट्याला पट्ट्या गुंडाळायची खटपट करत होतं आणि आजोबा हातातलं काम टाकून पाहावं तसे पाहत होते. शेवटी दोघांनी पावाच्या तुकड्याने बशी पुसून घेतली. याला ते ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात, म्हणजे छोटा बूट. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट निपटणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. भाची त्यांच्याकडे बघत म्हणाली, “आमचे अज्जा असंच भरवायचे.”

इटालियन भाषेत सोबत्याला ‘कोंपान्यो’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ, ज्याच्याबरोबर आपण भाकरी वाटून खातो तो. घरापासून हजारो मैलांवर शिकणाऱ्या आपल्या मुलांना पैसे पोचतात, मसाल्याचे डबे पोचतात. हा सोबती मात्र पार्सलने पाठवता येत नाही.

दोन तास होऊन गेले तरी कुणी बिल आणून ठेवलं नाही. मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे पाहुण्याला ‘उठा आता’ म्हणणं, असं तिथं समजतात. निघण्यापूर्वी भाचीने ठरवलं, की घरातल्या दोन मैत्रिणींबरोबर दर रविवारी आळीपाळीने स्वयंपाक करायचा. पहिल्या रविवारी तिने चित्रान्न केलं. त्या दिवशी अज्जीला दिलेलं ‘हो’ खरं होतं.

आपल्याकडे पंगती आता लग्नमंडपातूनही उठत चालल्या आहेत, बुफे आले आहेत. घरी चौघांची चार वेळांना ताटं होतात, मराठी घरात आणि कानडी घरातही. रविवारची एक दुपार तरी टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून, भाजी-भाकरी आणि भात यांच्यामध्ये थोडा वेळ सोडून पाहावा. मुलं त्या वेळात काय बोलतात, ते ऐकण्यासारखं असतं.