जडीबुटीच्या तंबूआधी शुगर तपासा : गोड खाणं आणि लैंगिक आरोग्याचं नातं

उमरग्यात ‘साखर’ म्हटलं की दोन विषय निघतात. एक उसाचा : मुरूमच्या विठ्ठलसाई कारखान्याचं गाळप, दर, तोडीला टोळी कधी येणार. दुसरा रक्तातला. ‘मला शुगर निघाली’ हे लोक आता एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगतात, उपाशीपोटीच्या आकड्यासकट. पण ही शुगर नवरा-बायकोच्या संबंधांवर काय परिणाम करते, याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

तक्रार नसते असं नाही, ती वेगळ्या दारात जाते. चाळिशी-पंचेचाळिशीत ताठरता कमी झाली की माणूस गुपचूप ‘कमजोरी’च्या जाहिरातीतला नंबर फिरवतो किंवा महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या वैदूकडे थांबतो. तिथे त्याला पुडी मिळते. रक्त मात्र कोणी तपासत नाही. खरा तोटा इथेच होतो, कारण अनेकांच्या बाबतीत हा त्रास म्हणजे न सापडलेल्या मधुमेहाची पहिली खूण असते.

साखरेचा तिथे काय संबंध?

ताठरता हा मुळात रक्तप्रवाहाचा खेळ आहे. इच्छा झाली की नसांमधून संदेश जातो, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, वाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. शरीरातलं या वायूचं काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत ‘व्हायग्रा’ला मान्यता मिळाली. ही गोळी याच साखळीतला पुढचा टप्पा लांबवते.

रक्तात साखर सतत वाढलेली राहिली की वाहिन्यांचं अस्तर खराब होतं आणि हा वायू कमी तयार होतो. सोबत बारीक नसाही बधिर होत जातात. ज्या कारणाने मधुमेहींच्या तळपायाला मुंग्या येतात, तेच इथेही घडतं. मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास असतो, असं जगभरच्या अभ्यासांचं २०१७ मधलं एकत्रित विश्लेषण सांगतं. इतरांच्या तुलनेत तो दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होऊ शकतो.

तिसरी गोष्ट हार्मोनची. अमेरिकेत ७४ पुरुषांना ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी २५ टक्क्यांनी घसरलं. ही घसरण तात्पुरती होती, त्यामुळे एका पेढ्याने ‘मर्दानगी जाते’ असा अर्थ कोणी काढू नये. पण रोजच्या जादा गोडाने पोट सुटलं की हे हार्मोन कायमच कमी राहू लागतं. पोटाची चरबी त्यातल्या काही भागाचं स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतरही करते.

म्हणजे साखर थेट वार करत नाही. वजन, इन्सुलिनला न जुमानणारं शरीर आणि मग मधुमेह, अशा वळणाने ती तिथे पोहोचते. हे वळण काही वर्षांचं असतं आणि मध्येच थांबवताही येतं.

किती म्हणजे जास्त?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रोज २००० कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, शक्यतो २५ ग्रॅम. आता दुकानात बसणाऱ्या माणसाचा दिवस मोजा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. दुपारी २५० मिलीची कोल्ड्रिंकची बाटली, आणखी २५. पन्नाशी तिथेच ओलांडली आणि पाहुण्यांसोबतचे चहा अजून धरलेलेच नाहीत. आपल्याकडे कमी साखरेचा चहा दिला तर पाहुण्याला कंजूषपणा वाटतो, ही अडचण खरी आहे. आपले आजोबाही गोड चहा प्यायचे, पण ते दिवसभर रानात राबायचे. आता रानातही मोटारसायकलवर जातो.

‘मी तर गुळाचाच चहा पितो,’ हे उत्तर तयार असतं. गूळही बहुतांशी साखरच आहे. त्यात थोडी खनिजं असतात, पण रक्तातली शुगर तो तशीच वाढवतो.

बायकांचं काय?

त्यांच्याबद्दल तर कोणी विचारतच नाही. शुगर वाढलेली असली की योनीमार्गात बुरशीचा संसर्ग वारंवार होतो : खाज, पांढरा स्राव, संबंधांच्या वेळी आग. कोरडेपणा येतो, इच्छा मंदावते. पुरुषांमध्येही शिश्नाच्या टोकाला वारंवार खाज, लाली किंवा कातडीला चिरा हे शुगरचं लक्षण असू शकतं. मलम लावलं की बरं वाटतं, महिन्याभराने पुन्हा तेच. मग जोडीदारावर संशय सुरू होतो. बाहेरख्यालीपणाचे आरोप होण्याआधी दोघांनीही शुगर तपासलेली बरी.

दुखणं हृदयापर्यंत

शिश्नाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड तिथे आधी जाणवतो. ताठरतेची तक्रार छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसू शकते, असं डॉक्टर मानतात. म्हणूनच ती लपवणं महागात पडतं.

पुडीचा धोकाही इथलाच. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक औषधांत व्हायग्रातलंच सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं असल्याचं अनेक देशांच्या तपासण्यांत आढळलं आहे. हृदयासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

सुधारतं का?

बऱ्याच जणांचं सुधारतं. इटलीत नेपल्सच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये असा त्रास असलेल्या ११० स्थूल पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना मधुमेह नव्हता. निम्म्यांना दोन वर्षं आहार-व्यायामाचं नेमकं मार्गदर्शन मिळालं, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश पुरुषांची ताठरता पूर्ववत झाली, तीही गोळीशिवाय. मधुमेह जुना असेल आणि नसा खराब झाल्या असतील तर एवढी सुधारणा होईलच असं नाही. तेव्हा औषध लागतं, पण ते डॉक्टरांनी दिलेलं.

तपासणी अवघड नाही. तिशीच्या पुढच्यांची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रांत तपासतात. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात उपजिल्हा रुग्णालय. उपाशीपोटी आकडा १०० ते १२५ मध्ये असेल तर धोक्याची पायरी, १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आला तर मधुमेह. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी या पायरीवर असल्याचा अंदाज होता. या पायरीवरच्या माणसाकडे मागे फिरायला वाव असतो.

ओपीडीत रांग असते, मागे ओळखीचं कोणी उभं असतं, हे मान्य. अशा वेळी केसपेपरसोबत घडी घातलेल्या चिठ्ठीवर ‘शुगरशिवाय संबंधांचाही त्रास आहे’ एवढं लिहून द्या. डॉक्टर पुढचं दार लावून विचारतील.