जेल पॉलिशचा लॅम्प नखं वाळवत नाही

म्हसावदला लग्नाच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मेंदीच्या कोनांशेजारी आता जेल पॉलिशच्या बाटल्या आल्यात आणि त्यांच्याबरोबर हात आत घालायचा पांढरा लॅम्प. परवा एका पार्लरवाल्या ताईंनी त्यांचा नवा लॅम्प कौतुकाने पुढे केला. ‘‘बघा ताई, १२० वॅटचा आणलाय. जेवढे वॅट जास्त, तेवढं लवकर वाळतं.’’ खोक्यावर १२० हा आकडा ठसठशीत छापलेला होता. मी अडॅप्टर उलटा करून बघितला. त्यावर बारीक अक्षरांत होतं : १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला, २४ आले. म्हणजे त्या अडॅप्टरवर लॅम्पला २४ वॅटच मिळणार, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

लॅम्प घेताना हा गुणाकार दुकानातच करून बघावा. मोबाइलच्या चार्जरवर चालणारे छोटे लॅम्प ५ व्होल्ट, १ अँपिअरचे असतील तर हिशेब ५ वॅटवरच संपतो. शिवाय वॅट म्हणजे लॅम्प ओढतो ती वीज, नखावर पडणारा प्रकाश नव्हे. मोटार किती एचपीची आहे यापेक्षा शेवटच्या सरीला पाणी पोचतं का, हे शेतकरी बघतो. इथेही तेच बघायचं. आतले दिवे बाजूंनाही आहेत का, चारही बोटं एका सपाटीत राहतात का? अंगठा आत आडवा पडतो आणि त्याच्या नखावर प्रकाश तिरपा येतो. म्हणून चार बोटं आधी आणि दोन्ही अंगठे नंतर, वेगळे.

ताईंच्या वाक्यातला दुसरा गैरसमज ‘वाळतं’ या शब्दात आहे. साधं नेलपेंट खरंच वाळतं. त्यातला द्रावक उडून जातो आणि रंगाचा थर मागे राहतो, म्हणून तिथे पंख्याचा वारा कामी येतो. जेलमध्ये असं उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं. त्यातल्या एका घटकावर ठरावीक प्रकाश पडला की तो फुटतो आणि बाकीचे सुटे रेणू एकमेकांना जोडून साखळ्या बनवतात. जेल घट्ट होतं ते या जोडणीने. त्यामुळे साधं नेलपेंट या लॅम्पखाली धरण्यात अर्थ नाही.

मुद्दा ‘ठरावीक प्रकाशा’चा आहे. जुन्या ट्यूबच्या लॅम्पचा मुख्य भर ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. एलईडी लॅम्प बहुधा ३६५ आणि ४०५ या दोन ठिकाणी प्रकाश देतात. एका प्रकारच्या लॅम्पसाठी बनवलेलं जेल दुसऱ्याखाली अर्धवटच घट्ट होऊ शकतं. तेव्हा आधी जेलची बाटली वाचायची : कोणता लॅम्प, किती सेकंद. लॅम्प त्यावरून ठरवायचा, आणि शक्य असेल तर त्याच कंपनीचा घ्यायचा. ट्यूबचा जुना लॅम्प स्वस्तात मिळत असेल तर ट्यूब बदलण्याचा खर्च धरा. ट्यूब निळी दिसत राहते, पण तिचा जोर आतून उतरत जातो.

‘बोटाला चिकट लागतं, म्हणजे कच्चं राहिलं’ हेही सारखं ऐकू येतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे बऱ्याच जेलचा अगदी वरचा थर चिकट राहतो. तो स्पिरिटने पुसायचाच असतो. फसवतं ते याच्या उलट : वरून टणक आणि खाली मऊ. आणि चटका बसला म्हणजे काम नीट होतंय, असंही नाही. रेणू जुळताना उष्णता निघते, जाड थरात ती एकदम निघते. हात लगेच बाहेर काढावा आणि पुढचा थर पातळ द्यावा.

कच्च्या जेलबद्दल मी इतकं लिहितेय, कारण खरी भीती तिथे आहे. जेलमधले न जुळलेले सुटे रेणू, म्हणजे मेथॅक्रिलेट, कातडीला लागत राहिले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. पपईचा चीक लागला तर आपल्याकडच्या बहुतेकांची आग हात धुतल्यावर थांबते. ही अ‍ॅलर्जी मात्र एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. दात भरताना वापरतात त्या पदार्थांनीही पुढे त्रास होऊ शकतो, असा इशारा ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दिला होता. सर्वांत जास्त धोका रोज काम करणाऱ्या ताईंना. जेल कातडीवर सांडू देऊ नये, आणि नखांभोवती खाज किंवा फोड आले तर थांबून डॉक्टरांना दाखवावं.

‘एलईडीत यूव्ही नसतं’ हे चूक आहे. बहुधा असतं, ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश यूव्हीच असतो. मग कॅन्सर? २०२३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशी अशा लॅम्पखाली ठेवल्या. सलग २० मिनिटांत २० ते ३० टक्के पेशी मेल्या, उरलेल्यांच्या डीएनएलाही इजा दिसली. पण त्या उघड्या पेशी होत्या, जिवंत हात नव्हे, आणि यातून कॅन्सर सिद्ध होत नाही हे संशोधकांनीच सांगितलं. सूचनेप्रमाणे वापरल्यास धोका कमी, असं अमेरिकेच्या एफडीएचं मत आहे. तरी हाताला आधी सनस्क्रीन लावावं किंवा बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालावेत. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असतील तर तेवढे दिवस जेल टाळावं, या गोळ्यांवर असताना यूव्ही कातडीला आणि नखांना जास्त बाधतं.

आणखी एक : ‘युरोपात जेल पॉलिशवर बंदी आली.’ तसं नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे टीपीओ या एका घटकावर बंदी आहे. प्रकाश पडला की फुटतो म्हटलं, त्या घटकांपैकीच तो एक. टीपीओ नसलेलं जेल घेतलं तर त्याचा लॅम्प आणि सेकंद नव्याने वाचावे लागतील.

हे सगळं ऐकून ताईंनी आधी बाटली उजेडात धरून सेकंद वाचले. मग मेंदीच्या डिझाइनच्या वहीतला मार्कर काढला आणि लॅम्पच्या टपावर लिहिलं : ‘६० सेकंद. अंगठे वेगळे.’