आजार आतड्याचा, गाठ यकृतात!

तपासणीत मोठ्या आतड्याचा कर्करोग निघतो आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतातही गाठी दिसतात. रिपोर्ट पाहून घरचे विचारतात, ‘म्हणजे दोन कर्करोग झाले का?’ नाही, आजार एकच आहे. यकृतात वाढणाऱ्या त्या पेशी मूळच्या आतड्याच्याच असतात. म्हणून औषधेही आतड्याच्या कर्करोगाचीच दिली जातात. पण त्या तिथे पोहोचतात कशा?

सुरुवात बहुधा आतड्याच्या आतल्या अस्तरावर, पॉलिपपासून होते. पॉलिप म्हणजे चामखिळीसारखी लहानशी वाढ. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींचा कर्करोग होतो, पण त्याला साधारणपणे दहाएक वर्षे लागतात. पेशी अस्तरापुरत्या आहेत, तोवर त्या पसरण्याची भीती जवळपास नसते. त्या खालच्या थरात उतरल्या, की त्यांना लसिकावाहिन्या आणि रक्तवाहिन्या भेटतात. इथून वाटा फुटतात.

पहिली वाट लसिकाग्रंथींची. आतड्यालगतच्या चरबीत या छोट्या ग्रंथी असतात आणि निसटलेल्या पेशी अनेकदा तिथे अडकतात. म्हणूनच शस्त्रक्रियेत आतड्याच्या तुकड्याबरोबर भोवतालच्या ग्रंथीही काढतात. त्यातल्या किमान 12 ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्यात, असा संकेत आहे. त्यांत कर्करोग सापडला तर आजार तिसऱ्या टप्प्यातला मानतात आणि शस्त्रक्रियेनंतर सहसा केमोथेरपी सुचवतात.

दुसरी वाट रक्ताची. आतड्यातले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पचलेल्या अन्नातील घटक घेऊन ते पोर्टल व्हेन या शिरेतून आधी यकृतात जाते. तिथल्या बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात कर्कपेशी गाळणीत अडकाव्यात तशा अडकतात. यकृतानंतर क्रम लागतो फुप्फुसांचा. गुदाशयाच्या खालच्या भागातले रक्त मात्र यकृताला वळसा घालून जाते. त्यामुळे तिथला कर्करोग कधी कधी आधी फुप्फुसात दिसतो. तिसरी वाट पोटातल्या पोटातच आहे. गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर आली, की पेशी पोटाच्या आतल्या आवरणावर सांडतात आणि तिथे रुजतात.

रक्तात शिरलेली प्रत्येक पेशी रुजते असे नाही. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाबाबत मांडले होते, की बी कुठेही पडले तरी मानवणाऱ्या जमिनीतच रुजते. आतड्याच्या कर्कपेशींना यकृताची जमीन मानवते.

यकृतात पसरलेला आजार चौथ्या टप्प्यातला असतो. तरीही सगळे संपले असे समजू नये. गाठी मोजक्या असतील आणि पुरेसे निरोगी यकृत मागे राहणार असेल, तर त्या शस्त्रक्रियेने काढता येतात. अशा काही रुग्णांचा आजार पूर्ण बराही होतो.

मात्र खरी संधी त्याच्या कितीतरी आधी, त्या दहाएक वर्षांत असते. ती अनेकदा ‘मूळव्याध असेल’ या समजुतीत निघून जाते. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना घटलेले वजन, उतारवयात अचानक कमी झालेले हिमोग्लोबिन, यांतले काहीही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे. मूळव्याध असली तरी तपासणी टाळू नये. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही तपासणीबद्दल विचारावे. आपल्याकडच्या सरकारी कर्करोग तपासणीत भर आहे तो तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखावर. त्यामुळे आतड्याबाबत आपणच जागरूक राहायला हवे.

कोलोनोस्कोपीचे नाव काढले तरी संकोच वाटतो. पण त्या तपासणीत सापडलेला पॉलिप बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. मग यकृतापर्यंतचा हा प्रवास सुरूच होत नाही.